चौकात येऊन संपणारी लेन

नमस्कार मंडळी. सायकलवर बोला म्हणून आयोजकांचा फोन आला तेव्हा मी आधी एकच विचारलं, रविवारच्या सायकलवर बोलू की रोजच्या? कारण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बगा. रविवारी पहाटे हेल्मेट घालून हिंडलगा, सुळग्याच्या बाजूला जाऊन येणारे ग्रुप आपल्या बेळगावात आता बरेच झालेत, चांगलंच आहे ते, तब्येतीला चांगलं, दोस्ती वाढते. खरं मला आज बोलायचंय ते सोमवारच्या माणसाबद्दल. सकाळची शिफ्ट गाठायला हँडलला डबा अडकवून मच्छे, पिरनवाडीकडनं उद्यमबागेत येणारा कामगार, वडगाव खासबागेत पॉवरलूमवर जाणारा, कॅन लावून दूध घालणारा, आणि पाठीवर दप्तर घेऊन हायस्कूलला जाणारी पोरगी. ह्यांना कुणी सायकलिस्ट म्हणत नाही आणि ते स्वतःही म्हणवून घेत नाहीत. त्यांच्याकडं सायकल आहे आणि कामाला वेळेवर पोचायचंय, एवढंच. शहरात सायकलची लेन आखायची असेल तर ती ह्या लोकांना विचारून आखावी असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवतीच आहे.

बेळगावाला सायकल काय नवीन नाही हो. उद्योगपती लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे, त्यांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, ते स्वतः मुंबईला नोकरीला होते आणि इथलं दुकान भाऊ रामूअण्णा बघायचे. चारा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, पुढं किर्लोस्करवाडी, हे सगळं त्या दुकानाच्या नंतरचं. तेव्हा सायकल श्रीमंताची चीज होती. नंतर ती कामगाराची झाली, आणि २००६-०७ पासून कर्नाटक सरकारनं सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलींना, पाठोपाठ मुलांनाही सायकली द्यायला सुरुवात केली, तेव्हा खेड्यातल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा स्वतःची सायकल आली. मी ह्या योजनेचं मनापासून कौतुक करतो. खरं एक गोष्ट राहून गेली, पोरीच्या हातात सायकल दिली आणि रस्ता मात्र होता तसाच ठेवला.

आणि आपलं गाव सायकलला किती सोयीचं आहे बगा. वडगावातनं टिळकवाडी, शहापुरातनं कॅम्प, अनगोळातनं उद्यमबाग, ह्यातलं कुठलंही अंतर ५ किलोमीटरच्या आसपास नाहीतर त्याच्यापेक्षा कमीच. घाई न करता ताशी १५ च्या स्पीडनं गेलं तरी २० मिनिटं. तेवढा वेळ तर संध्याकाळी बोगारवेसच्या आसपास गाडी लावायला जागा शोधण्यातच जातो. हवा पण चांगली, पुण्यामुंबईच्या माणसाला इथला उन्हाळा उन्हाळा वाटत नाही. मग लोक सायकल का सोडतात? मी विचारतो लोकांना, आणि दहातले नऊजण चढ, घाम, वय असलं काही सांगत नाहीत, सांगतात भीती वाटते. आईवडील तर हमखास सांगतात, पोराला गोगटे सर्कल एकट्यानं पार करू द्यायला जीव होत नाही.

तर लेनबद्दल. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांच्या यादीत बेळगाव आलं, पुढं काही रस्ते नव्यानं झाले, फुटपाथ झाले, कुठं कुठं सायकलसाठी कडेला पट्टा पण आला. आता त्या पट्ट्यावर काय असतं ते तुम्ही रोज बघता, पार्क केलेल्या टू-व्हीलर, भाजीची हातगाडी, वाळूचा ढीग, वीज खात्याची पेटी. ह्यावर लोक लै चिडतात, आणि चिडणं बरोबरच आहे, खरं मला त्याच्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच वाटते. पट्टा सरळ रस्त्यावर असतो आणि चौक आला की संपतो. म्हणजे सरळ रस्त्यावर, जिथं कडेनं आपण तसंही कसंबसं जात होतो, तिथं सोय, आणि चारी बाजूनं गाड्या येतात, बस वळते, रिक्षा मध्येच थांबते, तिथं तुमचं तुम्ही बघा.

चौकात नेमकं काय होतं ते जरा सावकाश सांगतो, कारण घरातल्या पोरांना हे समजावून सांगण्यासारखं आहे. आपण डाव्या कडेनं सरळ जात असतो. मागनं मोठी गाडी येते, आपल्याला ओलांडते आणि लगेच डावीकडं वळते. ड्रायव्हरला वाटतं सायकल मागं राहिली, आणि सायकलवाल्याला वाटतं गाडी सरळ जाणार. ट्रक नाहीतर बस असेल तर पुढची चाकं लांबनं वळतात आणि मागची चाकं आत घासत येतात, आणि ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला पार खालती असा एक कोपरा असतो जिथलं त्याला आरशातही दिसत नाही. म्हणून सिग्नलला बस उभी असेल तर तिच्या आणि फुटपाथच्या मधल्या फटीतनं पुढं घुसायचं नाही, कितीही जागा दिसू दे. मागंच थांबायचं, नाहीतर एवढं पुढं जाऊन थांबायचं की ड्रायव्हरला आपलं तोंड दिसेल. हे मी प्रत्येक शाळेत सांगतो आणि सांगत राहणार.

ह्यावर उपाय अवघड नाहीत. चौकाच्या कोपऱ्याचा गोलवा कमी केला की गाडीला वळताना स्पीड कमी करावाच लागतो. सायकलच्या थांब्याची रेघ गाड्यांच्या रेघेच्या पुढं आखता येते. पट्ट्याचा रंग चौकातनं पलीकडंपर्यंत नेता येतो. रंगाचं काम आहे, सिमेंटचं थोडंसं काम आहे.

स्पीडचं पण सांगतो. ताशी ४० नं जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडायच्या आधीच ११ मीटर संपलेले असतात. आणि स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामलिंगखिंड गल्ली असल्या जुन्या पेठेत वेगळी लेन करायला जागाच नाही, कुणाचं घर पाडणार? तिथं सगळ्यांनी हळू जाणं हीच लेन. तिथं ताशी २० च्या वर कुणाला जायची गरज काय आहे मला सांगा.

आता रस्ता एकमेकांत वाटून घेण्याबद्दल. केंद्र सरकारच्या रस्त्याच्या नियमांतच लिहिलेलं आहे की फुटपाथ नाहीतर सायकल ट्रॅक असेल तर त्यावर मोटारगाडी चालवायची नाही. म्हणजे कायदा आहेच. खरं सायकलवाल्यांनी पण त्या पट्ट्यावर कसं वागायचं ह्यावर आपल्याकडं कुणी बोलतच नाही. माझा नियम साधा आहे, जो सगळ्यात हळू तो सगळ्यात आधी. म्हातारी आजी फुटपाथ उखडलाय म्हणून पट्ट्यावरनं चालत असेल तर ती आधी, व्हीलचेअरवाला आधी, शाळेतलं पोर आधी. गियरच्या सायकलवाल्यानं लांबनं बेल वाजवायची, उजव्या अंगानं पुढं जायचं, पाठीमागं येऊन ओरडायचं नाही. बस स्टॉपवर लागली की आपण मागं थांबायचं, उतरणाऱ्या माणसांच्या मधनं वाट काढायची नाही, अर्धं मिनिट जातं, जाऊ दे की. आणि लावलेल्या कारच्या शेजारनं जाताना हातभर जास्तच जागा सोडायची, कारण दार कधी उघडेल नेम नाही.

उलट्या बाजूनं येण्याबद्दल मला दोन्हीकडनं बोलायचंय. गल्लीतनं रस्त्यावर येऊन डावीकडं वळणारा माणूस उजवीकडं बघतो, कारण गाड्या तिकडनं येतात. आपण डावीकडनं उलटं आलो तर त्याला दिसणारच नाही, म्हणून ते करू नका. खरं माणसं उलटी का येतात हे पण बगा, डिव्हायडर लांबच लांब घातलेत, पलीकडं दुकान दिसतंय आणि वळसा मात्र अर्ध्या किलोमीटरचा. गाडीवाल्याला तो मिनिटभराचा, पायडल मारणाऱ्याला त्रास. डिव्हायडरमध्ये सायकल ढकलत नेण्यापुरती एक फट ठेवली तर निम्मे लोक सरळ मार्गानं जातील, माझी खात्री आहे.

बाहेरच्या देशांचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात त्यांचं वेगळं. नेदरलँड्सचं घ्या. १९७१ साली तिथं रस्त्यावर तीन हजारांवर माणसं मेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांचे हे मृत्यू थांबवा म्हणून आंदोलन केलं, त्यात १९७३ चं तेलाचं संकट आलं, आणि मग हळूहळू रस्ते बदलायला लागले. म्हणजे त्यांचे रस्ते आधीपासून तसे नव्हते, लोकांनी मागितले म्हणून झाले.

(पावसात काय करायचं, असा प्रश्न मागच्या रांगेतनं आला.)

बरोबर विचारलंत, आपल्याकडं जून ते सप्टेंबर हाच खरा प्रश्न. पुढं मागं मडगार्ड पाहिजेच, रेनकोट उजळ रंगाचा घ्या, छत्री धरून एका हातानं चालवू नका. रिम ओला झाला की ब्रेक आधी नुसतं पाणी पुसतो, मग धरतो, म्हणून नेहमीपेक्षा लवकर दाबायला सुरुवात करा. साठलेल्या पाण्यातनं जाऊ नका, खाली खड्डा आहे का चेंबरचं झाकण उघडं आहे ते कळत नाही, थोडं रस्त्याच्या मध्ये यावं लागलं तरी आधी मागं बघून, हात दाखवून या. आणि मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर, त्याला पैसे किती लागतात?

शेवटचं एक काम मागतो तुमच्याकडं. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे रस्ते कसे बांधायचे त्याचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या नियमात सायकल ट्रॅकची रुंदी कमीत कमी २ मीटर धरलेली आहे. आपापल्या भागातला पट्टा टेप लावून मोजा, कुठं सुरू होतो आणि कुठल्या चौकात संपतो ते लिहा, फोटो काढा, आणि कन्नड मराठी दोन्हीत अर्ज करून आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडं आणि महापालिकेत द्या, पोचपावती घेऊन या. अर्ज करताना दूधवाल्याची आणि त्या हायस्कूलच्या पोरीच्या आईची सही पहिली घ्या.