पायी चला, होडीत नको

नमस्कार श्रोतेहो. आज आपण जाणार आहोत पार उत्तरेला, कॅनडातल्या युकॉनमध्ये, व्हाइटहॉर्सला. म्हणायला युकॉनची राजधानी, पण वस्ती तीस हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो रात्री अकरा वाजून गेल्यावर. त्यामुळे जेवणं उरकली की माणसं फिरायला बाहेर पडतात. नदीच्या दोन्ही काठांनी फिरणारी मिलेनियम ट्रेल साधारण पाच किलोमीटरची, सपाट आणि डांबरी. गुडघे कुरकुरत असले तरी जावं. दम असेल तर पूर्वेला ग्रे माउंटन आहे.

पण मला ओढ माइल्स कॅनियनची. गावापासून जवळच, युकॉन नदी काळ्या कातळातून वाट काढते. कातळ बेसॉल्टचा, आपल्या सह्याद्रीच्या जातीचा. वर 1922 सालचा झुलता पूल, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. लक्षात ठेवा, पायी.

आता गोष्ट ऐका. 1896 साली क्लोंडाइकला, म्हणजे याच युकॉनमध्ये नदीच्या खालच्या अंगाला, सोनं सापडलं आणि अमेरिकेतले कारकून, न्हावी, दुकानदार सगळं सोडून निघाले. हिवाळाभर त्यांनी नदीच्या वरच्या अंगाला, बेनेट तलावाच्या काठी स्वतःच लाकडं कापून होड्या बांधल्या. 29 मे 1898 ला बर्फ फुटलं आणि हजारो होड्या एकदम पाण्यात! वल्हं कसं धरतात, हेही कित्येकांना ठाऊक नव्हतं. पुढ्यात ही अरुंद घळ, आणि घळ संपली की फेसाळत्या व्हाइट हॉर्स रॅपिड्स, म्हणजे खडकांवरून उसळत जाणारं पाणी. काही दिवसांतच शे-दीडशे होड्या फुटल्या, वर्षभराचं सामान बुडालं, माणसंही गेली.

तेवढ्यात आले कॅनडाच्या माउंटेड, म्हणजे घोडेस्वार पोलिसांचे सॅम स्टील. जमलेल्या गर्दीला ते म्हणाले, त्याचा मतलब असा: पोलीस मनाला येईल तसे कायदे करतात, अशी तुम्हा मंडळींची ओरड असते ना? मग आता तुमच्याच भल्यासाठी करतो एक. बायका-मुलं होडीत बसणार नाहीत. काठाने पायी जातील. क्लोंडाइकपर्यंत यायची ताकद आहे, तर एवढं चालायलाही असेलच! होड्या जाणकार नावाडीच नेतील. हुकूम मोडला तर शंभर डॉलर दंड. त्या काळचे शंभर! मग मात्र अपघात जवळजवळ थांबले.

असा हुकूम आमच्या गावच्या धरणावर कुणी काढला असता, तर लोकांनी आधी त्याच्यासोबत सेल्फी काढला असता. असो.

त्याच काठाने मग लाकडी रुळ टाकले गेले. घोडे सामानाच्या गाड्या ओढायचे. तिथे कॅनियन सिटी नावाची वस्तीही उभी राहिली. 1900 साली रेल्वे आली आणि वस्ती ओस पडली. आज पुलावरून पलीकडे जाऊन तिथवर चालत जाता येतं. तासाभरात जाऊन येणं होतं. सुरक्षेसाठी चालायला लावलेल्या त्या वाटेवर आता माणसं हौसेनं चालतात.

अस्वलं आहेत बरं. चालताना मोठ्यानं बोलत राहा, म्हणजे ती आधीच बाजूला होतात. गडावर स्पीकर लावून चढणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, पण इथे गप्पिष्टांना पूर्ण मुभा. स्पीकर मात्र इथेही नको. तुमचा आवाज पुरे. आणि पाणी बर्फासारखं थंड, उन्हाळ्यातसुद्धा. पुन्हा सांगतो, पाणी थंड आहे. पोहायचं मनातही आणू नका.

वेळ संपत आली, म्हणून माशांचं घाईघाईत सांगतो. 1958 च्या धरणाच्या पाण्याखाली त्या रॅपिड्स बुडाल्या. सामन माशांना वर जाता यावं, म्हणून पुढच्याच वर्षी लाकडी शिडी बांधली, म्हणजे पाण्याच्या पायऱ्या. ऑगस्टमध्ये जा, काचेतून मासे बघता येतात. समुद्रापासून सुमारे तीन हजार किलोमीटर प्रवाहाविरुद्ध पोहून आलेले असतात ते. हल्ली फार थोडे पोहोचतात. म्हणूनच 2024 मध्ये अलास्का आणि कॅनडाने मिळून युकॉन नदीतल्या चिनूक जातीच्या सामनची मासेमारी सात वर्षांसाठी थांबवली. नमस्कार.