तापल्या कातळावरचा लाल चतुर

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळा लागला की मलप्रभेचं पाणी ओसरतं. खानापूरच्या पुढं, असोग्याच्या बाजूला, पात्रातले कातळ उघडे पडतात आणि मधेमधे डोह तेवढे उरतात. नदी आटली म्हणून आपण तिकडं फिरकत नाही. पण मी म्हणेन, याच दिवसांत जा, आणि तेही भर दुपारी, डोक्याला टॉवेल गुंडाळून. उघड्या खडकांवर एक लालभडक चतुर भेटण्याची आशा तेव्हाच जास्त असते.

ट्रायथेमिस किर्बी हे त्याचं शास्त्रीय नाव. बेल्जियमच्या सेलिस-लाँगशाँ यांनी 1891 साली त्याची पहिली नोंद केली आणि ब्रिटिश कीटकतज्ज्ञ विल्यम किर्बी यांचं नाव त्याला दिलं. लांबी जेमतेम सव्वा-दीड इंच. नराच्या चारही पंखांच्या मुळाशी हळदकुंकू सांडल्यासारखा मोठा केशरी डाग असतो. ओळखायची खूण हीच. भाताच्या खाचरापाशी गवताच्या काडीवर बसणारा लाल चतुर आपण नेहमी बघतो, पण तो वेगळा. त्याच्या पंखाला डाग असतो तो अगदी लहान. किर्बीला गवत फारसं लागत नाही, उघडा दगड लागतो.

आफ्रिकेत तर तो दूरवर पसरलाय. तिथल्या सॅव्हानातल्या, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ मुलखातल्या नद्या पाऊस सरला की तुटक डोहांच्या होतात. आपल्याकडं सौंदत्ती, रामदुर्ग भागातले ओढे याहून वेगळे कुठं आहेत? 2007 साली तो स्पेनच्या दक्षिणेलाही सापडला. ऊन वाढत चाललंय तसा हा उत्तरेकडं सरकतोय, असं अभ्यासक मानतात.

जवळ बसून बघा, मात्र हलू नका. पंख खाली आणि पुढं झुकवून तो बसतो. मान गर्रकन वळते, क्षणात उडतो, पायांच्या जाळ्यात चिलट धरतो आणि बऱ्याचदा पुन्हा त्याच दगडावर येतो. सूर्य माथ्यावर आला की पोटाचं टोक थेट सूर्याकडं उभं करतो. अंगावर ऊन कमीत कमी पडावं म्हणून! मला तर त्याची ही युक्ती बघताना दरवेळी नवल वाटतं.

मादी पोटाचं टोक पाण्याला टेकवत टेकवत अंडी सोडते. पिल्लं पाण्यातच वाढतात. डासांच्या अळ्या हे त्यांचं आवडतं खाणं. खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो, तो झटकन पुढं फेकून ती शिकार पकडतात. श्वास घ्यायचे कल्ले मात्र पोटाच्या मागच्या टोकाला, आतल्या बाजूला असतात. धोका दिसला की तिथूनच पाण्याची पिचकारी मारून पुढं पळतात. वाढ पुरी झाली की पिल्लू दगडावर चढतं, पाठ उलते आणि पंखवाला चतुर बाहेर येतो. कोरडी कात तिथंच चिकटून राहते. नीट शोधली तर सापडते.

डोह आटायच्या आत हे सगळं उरकायचं असतं, म्हणून या जातीची पिल्लं झपाट्यानं वाढतात. पण मोटार लावून डोह तळापर्यंत उपसला, तर त्या घाईचाही उपयोग नाही. गाळातली पिल्लं तिथंच वाळतात. पिकाला पाणी लागतं, हे मीही जाणतो. तरी नदीकाठच्या माझ्या शेतकरी बांधवांना हात जोडून विनंती आहे, वळीव येईपर्यंत डोहात गुडघाभर पाणी तेवढं राहू द्या.