भांडेवाडीचं पाणी, कोराडीची वीज

(दृश्य: नाग नदी, भर मे महिना)

लाव्ह्याच्या टेकड्यांतून नाग नदी निघते आणि अंबाझरीत येते. तिथून सीताबर्डी, महाल मागे टाकून ती शहराच्या पूर्वेला पोचेपर्यंत तिच्यात नदीचं असं फार काही उरत नाही. उन्हाळ्यात वाहतं ते आपल्याच मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी.

भांडेवाडी म्हटलं की नागपूरकराला डम्पिंग यार्ड आठवतं. त्याच भांडेवाडीत सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. इथलं पाणी पाईपलाईनने थेट कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राकडे जातं.

(दृश्य: जाळ्या, मग फेसाळलेली टाकी)

आधी जाळ्या. प्लास्टिक, चिंध्या, निर्माल्य, कधी अख्खी चप्पल. मग वाळू खाली बसते. खरं काम पुढच्या टाकीत. तिथे तळातून हवा सोडतात आणि जिवाणू मैला खातात. केंद्राचं वीजबिल चढतं ते मुख्यतः या हवेपायी.

आणि इथेच नागपूरचं ऊन आडवं येतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंशांना लिटरभर पाणी साधारण 9 मिलिग्रॅम धरून ठेवतं, 30 अंशांना साडेसातच. उलट उन्हाने जिवाणूंची भूक वाढते. म्हणजे मागणी जास्त, पुरवठा कमी, आणि मे महिन्यात ब्लोअरला उसंत नाही.

हवा थांबली की जिवाणूंचे पुंजके तळाशी बसतात, वर नितळ पाणी राहतं. तळातला थोडा गाळ परत कामाला लावतात, बाकीचा काढून टाकतात. त्या उरलेल्या गाळाचं काय करायचं, हे कुठल्याही शहराचं जुनंच दुखणं.

(दृश्य: कोराडीचे कूलिंग टॉवर)

कोराडीत 660 मेगावॅटचे तीन संच आहेत. हे पाणी त्यांच्या बॉयलरसाठी नाही. बॉयलरला क्षार पूर्ण काढलेलं पाणी लागतं. हे लागतं थंड करायला. टॉवरवरून दिसणारा तो पांढरा ढग म्हणजे धूर नव्हे, वाफ. पाणी उडत जातं तसे मागे राहिलेले क्षार दाट होतात. फॉस्फेट राहून गेलं तर नळ्यांच्या आत पापुद्रे धरतात, अमोनिया राहिला तर तांबं असलेल्या नळ्या खाल्ल्या जातात. म्हणून नदीत सोडायच्या पाण्यापेक्षा या पाण्याची सफाई एक पायरी पुढची.

कोराडी चालवणारी सरकारी वीज कंपनी महानिर्मिती या प्रकल्पातून दिवसाला 130 दशलक्ष लिटर पाणी घेऊ शकते. तेवढं पेंचचं पाणी वाचतं. वाचतं म्हणजे काय, ते 2019 च्या जुलैत कळलं. पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं आणि नागपूरच्या नळांना एक दिवसाआड पाणी आलं. त्याआधी, 2016 मध्ये, केंद्र सरकारच्या वीजदर धोरणाने नियमच केला: पालिकेच्या शुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी तिथलं पाणी वापरायचं. नागपूरने ही वाट त्याआधीच धरली होती. आपल्याकडे असं क्वचितच घडतं, म्हणून सांगायचं.

तरी नदी स्वच्छ झाली, असं कुणी म्हणू नये. नाले अजून थेट नदीत उतरतात. नाग पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. आपण सोडलेलं पाणी तिथे जाऊन साठतं, आणि त्याचा वास नागपूरकरांना नाही, भंडाऱ्याकडच्या गावांना येतो.