तिसरी तार

[पडद्यावर: पहाटेचा उजेड. विमानवाहू नौकेचा डेक. कॉकपिटमध्ये काळोख.]

एफ/ए-१८सी हॉर्नेट डेकवर उभं आहे. इंजिनं थंड, तिन्ही पडदे काळे. उजव्या पॅनेलवरचा बॅटरीचा खटका वर जातो. मग डाव्या पॅनेलवर एपीयू, म्हणजे मोठी इंजिनं फिरवायला हवा पुरवणारं छोटं इंजिन. त्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं. मग क्रँकचा खटका उजवीकडे. इंजिनाचे फेरे १० टक्क्यांच्या वर चढले, की उजवा थ्रॉटल आयडलवर. इथे घाई कामाची नाही. हवा पुरेशी यायच्या आत इंधन पोचलं, तर इंजिन फिरण्याऐवजी तापत बसतं.

उजवं लागलं, पडदे उजळले, आता डावं.

पहिलं क्षेपणास्त्र सुटायला अजून अर्धा तास आहे. तरीही डीसीएस हा कॉम्प्युटरवरचा विमान उडवण्याचा खेळ खेळणाऱ्यांना विचारा, सगळ्यात जास्त मजा कशात येते? कितीतरी जण याच अर्ध्या तासाबद्दल भरभरून बोलतात.

डीसीएस म्हणजे डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर. ईगल डायनॅमिक्सनं २००८ साली का-५० हेलिकॉप्टरपासून ही मालिका सुरू केली, हॉर्नेट २०१८ मध्ये आलं. कॉकपिटमधला जवळपास प्रत्येक खटका इथे खरंच काहीतरी करतो. आणि तो हलवायचा राहिला, तर त्याचाही परिणाम दिसतो.

[पडद्यावर: आयएनएस, म्हणजे दिशादर्शक यंत्रणेच्या नॉबचा क्लोजअप.]

हा नॉब पाहा. नौकेवर असाल तर तो ‘सीव्ही’वर, जमिनीवर असाल तर ‘ग्राउंड’वर. विमान स्वतःची जागा आणि दिशा शोधत असतं. पडद्यावर क्वालिटीचा आकडा हळूहळू उतरतो, शेवटी शेजारी ‘ओके’ उमटतं. तोवर हलायचं नाही. आधीच निघालात, तरी विमान उडेल. पण आपण कुठे आहोत याचा त्याचा हिशेब चुकत जाईल आणि वेपॉइंट, म्हणजे वाटेवरचे ठरवलेले बिंदू, सरकलेले दिसतील.

मग कॅटापल्ट, म्हणजे विमानाला डेकवरून पुढे फेकणारी यंत्रणा. फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) हाफ, पंख उलगडून लॉक केलेले, आणि ट्रिम (स्टिक न धरता नाक किती वर राहील याचं सेटिंग) वजनाप्रमाणे: एकूण वजन ४४ हजार पौंडांपर्यंत असेल तर १६ अंश, ४५ ते ४८ हजारांना १७, त्याहून जड असेल तर १९. आकडा कमी ठेवलात, तर डेक संपताच विमान पाण्याकडे झुकतं. आकडा बरोबर असेल, तर स्टिकला हातही लावायचा नसतो, विमान स्वतःच नाक वर घेतं. खरे वैमानिकही त्या क्षणी उजवा हात स्टिकवरून काढून वरच्या दांडीला धरतात, म्हणजे धक्क्यानं स्टिक ओढली जात नाही. घरात खुर्चीवर बसलेला खेळाडूही हात वर घेतो. धरायला दांडी नसते, पण सवय अशी लागते.

[पडद्यावर: नौका लांबून, समुद्रात काडीएवढी. विमान तिच्या उजव्या अंगानं पुढे जातं.]

आता उतरणं. ज्याला हे एकदा जमलं, तो दुसरं काही सांगायला लागण्याआधी हेच सांगतो.

दिवसा, आकाश मोकळं असताना ८०० फुटांवरून, ३५० नॉटनं (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) नौकेच्या बाजूनं पुढे यायचं. डावीकडे जोरदार वळण. २५० नॉटच्या खाली आलात की चाकं खाली, फ्लॅप फुल. नौकेच्या उलट दिशेला ६०० फुटांवर सरळ उडत विमान ट्रिम करायचं, हल्ल्याचा कोन, म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन, ८.१ अंशांवर येईपर्यंत. हुडवर, म्हणजे डोळ्यांसमोरच्या पारदर्शक काचेवर, छोटं वर्तुळ कंसाच्या मध्ये बसतं, बाजूच्या निर्देशकात पिवळं कडं पेटतं. याला म्हणतात ऑन-स्पीड. एकदा हे साधलं, की स्टिक वर-खाली करायला जवळजवळ बंदी.

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. नवखा खेळाडू उंची स्टिकनं सांभाळतो. नौकेवरचा नारिंगी दिवा, म्हणजे ‘बॉल’, हिरव्या दिव्यांच्या वर दिसला, म्हणजे विमान जास्त उंच असलं, की तो नाक खाली दाबतो. नाक दाबलं की वेग वाढतो, कोन कमी होतो, आणि शेपटाखालचा हुक वर उचलला जातो. चाकं डेकला टेकतात, हुक मात्र विमान अडवायला डेकवर आडव्या ताणलेल्या चारही तारांवरून निघून जातो.

खरी पद्धत उलटी. उंची थ्रॉटलची, कोन ट्रिमचा. बॉल खाली सरकतोय? पॉवर द्या. तो वर यायला लागला की लगेच थोडी काढा, नाहीतर वर निघून जाईल. मग मधे कुठेतरी पुन्हा स्थिर करा. एका दुरुस्तीला थ्रॉटलच्या तीन हालचाली, आणि शेवटच्या सरळ टप्प्यात वेळ १५ ते १८ सेकंदच. त्यात डेकची धावपट्टी नौकेच्या अक्षाला सुमारे ९ अंशांनी डावीकडे कललेली. नौका पुढे जात राहते, त्यामुळे तुमच्या डोळ्यांपुढे डेक सतत उजवीकडे सरकत जातो. एकदा रेघ धरून गप्प बसता येत नाही, उजवीकडे बारीक बारीक सरकत राहावं लागतं.

आणि चाकं टेकली की थ्रॉटल पूर्ण पुढे. हे शिकायला सगळ्यात अवघड, कारण मनाला ब्रेक हवा असतो. पण हुक चुकला, तर उरलेल्या डेकवर पुन्हा उडायला तीच ताकद लागणार आहे.

उतरायच्या आधी वजनही पाहावं लागतं. ३४ हजार पौंडांच्या वर असाल, तर इंधन सांडा किंवा न टाकलेले बॉम्ब समुद्रात सोडा.

[पडद्यावर: मिग-२१बिसचं कॉकपिट.]

मराठी खेळाडूंचा जीव मात्र हमखास आणखी एका विमानात अडकतो. मिग-२१बिस. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमानं बनली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलानं मिग-२१ला निरोप दिला. डीसीएसमध्ये ते २०१४ पासून आहे. उतरताना त्याच्या फ्लॅपवर इंजिनातली हवा सोडलेली असते, तिच्यामुळे पंख तग धरतात. शेवटच्या टप्प्यात थ्रॉटल एकदम मागे घेतलात, तर ही हवा आटते आणि विमान दगडासारखं खाली बसतं. तेव्हा धावपट्टीवर टेकेपर्यंत इंजिन जागं ठेवायचं.

[पडद्यावर: रडारचा पडदा, इशाऱ्याचा आवाज.]

लढाई आहेच. तिथेही गोडी गोळी मारण्यापेक्षा गोळी चुकवण्यात जास्त. समोरचं रडार डॉप्लरवर चालतं. वरून खाली पाहताना जमिनीइतक्याच वेगानं जवळ येणारं सगळं ते गाळून टाकतं. तुम्ही खाली उतरून त्याच्या काटकोनात वळलात, तर तुमचा जवळ येण्याचा वेगही जमिनीइतकाच होतो, आणि तुम्हीही गाळले जाता. जोडीला चॅफ, म्हणजे रडारला फसवायला हवेत सोडलेले चकचकीत कण. कोन दहा-पंधरा अंशांनी चुकला, की क्षेपणास्त्र पुन्हा मागे.

[पडद्यावर: टेबल, स्टिक, थ्रॉटल, पेडल.]

हे सगळं हातात यायला सामान लागतं, पण त्याहून आधी सेटिंग. नवं उपकरण जोडलं, की डीसीएस त्याला आपणहून कामं वाटून टाकतं. पेडलचा अक्ष रोलवर, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवण्यावर, जाऊन बसतो आणि विमान विनाकारण थरथरतं किंवा एकीकडे ओढतं. कंट्रोलच्या यादीत जाऊन या दुहेरी नेमणुका पुसा. पेडलच्या टोकाचे ब्रेक बऱ्याचदा उलटे लागतात, पाय उचललेला असताना ब्रेक पूर्ण दाबलेले. तिथे ‘इन्व्हर्ट’वर खूण करा. टेबलावरची आखूड स्टिक असेल, तर पिच (नाक वर-खाली) आणि रोलला १५ ते २० ची कर्व्ह द्या, म्हणजे मध्याजवळ स्टिक हळुवार चालते, थ्रॉटलला मात्र सरळच ठेवा. मान वळवून पाहायला वेबकॅम आणि ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. सुरुवात एसयू-२५टी किंवा टीएफ-५१डी या मोफत विमानांवर करा. पैसे खर्चण्याआधी हात बसतो का, ते कळेल.

[पडद्यावर: टॅकव्ह्यू, उड्डाणाची नोंद दाखवणारं सॉफ्टवेअर. उड्डाणाची रेघ, शेजारी आकडे.]

उड्डाण संपल्यावर नोंद उघडायची. हा काल संध्याकाळचा प्रयत्न आहे. हुक चारही तारांवरून गेला. रेघ मागे घ्या. नौकेपासून पाव मैलावर कोन ८.१ वरून साडेसहावर आला, वेग सहा नॉट वाढला. म्हणजे हातानं नाक दाबलं, घाबरून. कारण सापडलं.

[पडद्यावर: पुन्हा डेक. त्याच वळणानं विमान येतं.]

६०० फूट. पिवळं कडं. वळण सुरू. ४५० फूट, नौका डावीकडून समोर येते. बॉल मध्यावर. जरा खाली. पॉवर. काढली. स्थिर. उजवीकडे किंचित. बॉल वर चढतोय, स्टिकवरचा अंगठा सुद्धा हलत नाही, फक्त थ्रॉटल एक केस मागे.

टेकलं. थ्रॉटल पूर्ण पुढे. पट्टे छातीत रुतावेत तसं चित्र थांबतं.

तिसरी तार.

थ्रॉटल मागे, हुक वर, पंख मिटायला लागतात. पिवळ्या शर्टातला माणूस हातानं बोलावतोय, कारण मागचं विमान वळणावर आलंय.