काळा परकर आणि कोरा कागद

नमस्कार मंडळी. हेर म्हटलं की वेषांतर, खंजीर, रात्रीची घोडदौड असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं ना? आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते होते एक शेतकरी, एक व्यापारी, एक खानावळवाला आणि एक होडीवाला, आणि त्यातला शेतकरी तर कायम टरकलेला!

गोष्ट अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली. सप्टेंबर १७७६ मध्ये न्यूयॉर्क ब्रिटिशांच्या हातात गेलं ते युद्ध संपेपर्यंत त्यांच्याकडेच, आणि आत काय शिजतंय हे अमेरिकन सैन्याचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याला कळेना. नेथन हेल नावाचा २१ वर्षांचा पोरगा बातमी काढायला पाठवला, तो पकडला गेला आणि २२ सप्टेंबरला त्याला फासावर चढवलं. येल कॉलेजमधला त्याचा दोस्त बेंजामिन टॉलमेज, वॉशिंग्टनच्या सैन्यातला अधिकारी, त्याने १७७८ मध्ये वेगळीच शक्कल लढवली. बाहेरचा माणूस आत घुसवायचाच नाही, ज्यांचं तिथे आधीपासून येणंजाणं आहे त्यांनाच धरायचं, आणि त्यातही आपल्या गावचे, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरच्या सेटॉकेटचे. ओळखीतले ना, दगा देणार नाहीत.

आता एका चिठ्ठीचा प्रवास बघा. शहरात रॉबर्ट टाउनसेंड हा व्यापारी, दुकान चालवता चालवता गिऱ्हाइकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गप्पा ऐकणार, त्याचं टोपणनाव कल्पर ज्युनियर. सेटॉकेटचा खानावळवाला ऑस्टिन रो सामान आणायच्या निमित्ताने जवळजवळ ९० किलोमीटर घोडा दामटत यायचा आणि मालासोबत कागद घेऊन परत. तिथे शेतकरी एब्राहम वुडहल, म्हणजे कल्पर सिनियर, तो चिठ्ठी पुढे द्यायचा केलेब ब्रूस्टरकडे, आणि हा पठ्ठ्या ब्रिटिश गस्त चुकवत होडीने खाडी ओलांडून पलीकडे कनेटिकटला. मग टॉलमेज, मग वॉशिंग्टन. एवढं करून वॉशिंग्टनची तक्रार काय, तर बातमी उशिरा मिळते!

कागद कोरा दिसायचा. शाई अदृश्य, जेम्स जे नावाच्या डॉक्टरने बनवलेली, वरून दुसरं द्रावण फिरवलं की अक्षरं उमटणार. पण नुसता कोरा कागद सापडला तर संशय येणारच, म्हणून वॉशिंग्टनने सुचवलं की पंचांगासारख्या स्वस्त पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर लिहा. शिवाय टॉलमेजने ७६३ आकड्यांचा कोश केला. ७११ म्हणजे वॉशिंग्टन, ७२७ म्हणजे न्यूयॉर्क, ३५५ म्हणजे बाई. या ३५५ वरून पुढे एका सुंदर गुप्तहेर बाईची दंतकथाच उभी राहिली, खरं तर वुडहलच्या एका पत्रात 'माझ्या ओळखीच्या एका ३५५ च्या मदतीने' एवढाच काय तो उल्लेख.

तशीच वुडहलची शेजारीण ॲना स्ट्राँग हिची गोष्ट. तिच्या दोरीवर काळा परकर वाळत दिसला की ब्रूस्टर आलाय, आणि शेजारी रुमाल किती त्यावरून होडी कुठल्या खाचेत लपवलीय ते कळायचं. याला कागदोपत्री पुरावा नाही, पण मला ती खरी वाटावीशी वाटते बुवा, वाळत घातलेले कपडे मोजत बसणारा सोजीर कुठे असतो?

आणि वुडहलची भीती! एकदा खोलीत बसून त्या शाईने लिहीत होता, तेवढ्यात दोघी ओळखीच्या बायका गंमत म्हणून धाडकन आत शिरल्या, तर हा इतका दचकला की शाईची बाटलीच फुटली आणि पुढे कितीतरी दिवस तब्येत धड नाही. घाबरण्यासारखं होतंच म्हणा, त्याला शोधत ब्रिटिश गावात आले, हा सापडला नाही तर त्याच्या म्हाताऱ्या बापालाच बदडून गेले.

पण कामही केलं हो. जुलै १७८० मध्ये फ्रेंच आरमार अमेरिकनांच्या मदतीला न्यूपोर्ट बंदरात पोचलं, ब्रिटिश त्यांच्यावर चाल करून जाणार ही खबर याच साखळीतून वेळेत पुढे गेली.

टाउनसेंडने मात्र मरेपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही. १८३८ मध्ये गेला, आणि कल्पर ज्युनियर म्हणजे हाच, हे हस्ताक्षर जुळवून कळलं ते थेट विसाव्या शतकात.

१७९० च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन, आता राष्ट्राध्यक्ष, लाँग आयलंडच्या दौऱ्यावर असताना सेटॉकेटला मुक्कामाला थांबला, त्याच रोच्या खानावळीत. डायरीत लिहिलंय, कॅप्टन रोचं घर, बऱ्यापैकी नीटनेटकं, माणसं अगत्यशील. घोड्याबद्दल, होडीबद्दल, शाईबद्दल अवाक्षर नाही.