पाय माझा मोकळा

‘रंगुनी रंगांत साऱ्या रंग माझा वेगळा’ ही सुरेश भटांची ओळ आज अनेकांना एका मालिकेच्या नावामुळे ओळखीची वाटेल. तिच्या जोडीच्या ओळीचा शेवट मात्र ‘पाय माझा मोकळा’ असा होतो, आणि हे शब्द लिहिणाऱ्याचा एक पाय पोलिओने लहानपणीच अधू केला होता हे ठाऊक असलेला वाचक तिथे थबकल्याशिवाय राहत नाही.

१५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मलेल्या भटांना हा आजार वयाच्या अडीचाव्या वर्षी झाला. वडील डॉक्टर होते, आईला कवितेची ओढ होती आणि बाजाची पेटी मुलाच्या हाताशी लवकर आली. पुढे मैफलींत ते आपल्या गझला स्वतः तरन्नुममध्ये, म्हणजे सुरात म्हणत.

मराठीत गझल त्यांच्या आधीही होती. माधव जूलियनांचा ‘गज्जलांजली’ हा संग्रह १९३३ चा. परंतु तिचे व्याकरण मराठी कवींच्या अंगवळणी पाडले ते भटांनी, आणि त्यासाठी नवोदितांकरिता ‘गझलेची बाराखडी’ ही पुस्तिकाही लिहिली. गझलेतला प्रत्येक शेर ही दोन ओळींत पुरी होणारी स्वतंत्र कविता असते. मनातली तगमग सलग सांगू पाहणाऱ्याला हा प्रकार अडवतो. भटांनी ती अडवणूकच कामी आणली, कारण दोन ओळींत वेदनेला रडगाणे होण्याइतकी जागा उरत नाही. १९८२ च्या ‘उंबरठा’ चित्रपटात हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर आणि लता मंगेशकरांच्या आवाजात त्यांची ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ ही गझल आली, तेव्हा तिच्यातले एकाकीपण घराचा उंबरठा ओलांडणाऱ्या नायिकेचेही होऊन गेले.

आता पुन्हा त्या पहिल्या गझलेकडे वळू. १९७४ मध्ये आलेल्या ‘रंग माझा वेगळा’ या संग्रहातील ही गझल देवप्रिया वृत्तात आहे. तिला रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी जसाच्या तसा परतणारा शब्द नाही, नुसते काफिये, म्हणजे यमकाचे शब्द आहेत: वेगळा, मोकळा, झळा, लळा, गळा, आंधळा, सोहळा. त्यांतला ‘लळा’ पाहण्यासारखा आहे, कारण तिथे कवीला दुःखाची सवय झालेली नसून दुःखालाच कवीचा लळा लागला आहे, जणू ते दारात आलेले एखादे पोरके मूल असावे. ‘पांगळा’ हा शब्द याच काफियांच्या रांगेत सहज बसला असता. भटांनी तो वापरला आहे, पण ओळीच्या मध्यावर, ‘चालणारा पांगळा अन् पाहणारा आंधळा’ असा. शिवाय तो स्वतःच्या तोंडी न ठेवता कवीचे तात्पर्य सांगू पाहणाऱ्या ‘खोट्या दिशां’च्या तोंडी घातला आहे. लोकांनी दिलेले नाव त्यांनी लपवले नाही, आणि शेराचा शेवटही त्याला बहाल केला नाही.

शेवटच्या शेरात तर हा ‘पांगळा’ थेट सूर्य झाला आहे, आणि त्या सूर्यासाठी भटांनी उगवणारा किंवा तळपणारा असे विशेषण निवडलेले नाही. माणसांच्या मध्यरात्री तो हिंडणारा आहे.