दोन खाटा

श्रोतेहो, नमस्कार.

आंबे उतरवताना हे झाडावरून पडले, त्याला आता नऊ वर्षं झाली. पाठीचा कणा मोडला, बेंबीखालची संवेदना गेली. घरी सोडताना रुग्णालयाने कागद दिला. दर दोन तासांनी कूस बदला, लघवीची नळी अशी घाला, पाठीला जखम होऊ देऊ नका. सगळं उपयोगाचंच होतं. पण नवरा-बायको म्हणून पुढे कसं राहायचं, याची एक ओळ त्यावर नव्हती. मीही विचारलं नाही. नवऱ्याचे पाय गेले आणि हिला काय सुचतंय, असं कुणी म्हणेल ही भीती.

यांची खाट पडवीत घातली. भेटायला येणाऱ्यांना बरं, चाकाची खुर्चीही सरळ अंगणात निघते. मी माजघरात, सासूबाईंशेजारी. रात्री गजर लावून उठायचे, यांना वळवायचे आणि परत आत. दिवसभर उचलणं, पुसणं, धुणं. माझा हात सतत यांच्या अंगाला, पण वर्षभरात मायेने म्हणून एकदाही लागला नाही. एकदा हेच म्हणाले, "तू माझी नर्स झालीस गो."

मग एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी दार लावून आम्हा दोघांना समोर बसवलं आणि स्पष्ट बोलल्या. संवेदना जिथे संपते, तिच्या वरची कातडी पुष्कळदा जास्त हळवी होते. मान, कान, खांदे. तिथून पुन्हा ओळख करून घ्या. आधी मूत्राशय रिकामं करा, नंतर कातडीवर कुठे लाली आली का ते बघा. लिंगाच्या ताठरतेसाठी गोळ्या असतात, पण डॉक्टरांना विचारूनच. छातीत दुखण्यावरच्या नायट्रेटच्या औषधांबरोबर त्या घेतल्या तर रक्तदाब धोकादायक उतरतो. इजा छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असेल आणि एकदम डोकं ठणकलं, घाम फुटला, तर थांबा, लगेच उठवून बसवा. रक्तदाब भलताच चढलेला असू शकतो. आणि इजा बाईला झाली असेल तर पाळी काही महिन्यांनी बहुधा परत येते, दिवसही राहू शकतात.

हे विचारायला लाजू नका, असं मी कळकळीने सांगते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची माहिती मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. आपण काही जगावेगळं मागत नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला तो कामाच्या वाटणीने. सकाळचं शौच-आंघोळीचं आता पुतण्या बघतो. ज्या हातांनी नळी घालायची त्याच हातांनी तासाभरात जवळ घ्यायचं, हे मला तरी जमत नव्हतं. सगळ्यांच्या घरी असा पुतण्या नसतो, हे मला ठाऊक आहे. अशा घरी निदान मधे थोडा वेळ जाऊ द्यावा, साडी बदलावी, चहा घ्यावा. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण आम्हाला त्याचा उपयोग झाला.

राहिली खाट. सासूबाईंना सांगायला मला दोन महिने लागले. शेवटी एवढंच म्हटलं, "आई, रात्री यांना वळवायला उठावंच लागतं, मी आपली पडवीतच झोपते."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुसरी खाट माळ्यावर आहे, ती काढून घे. माजघराचं दार मी आतून लावत जाईन."